जुनी स्पोर्ट्स कार, जाडजूड फाइल आणि आमची फसवणूक

आमच्या गळ्यात मारलेल्या गाडीच्या काट्यावर ६२,००० किलोमीटर होते. तिच्या इंजिनाच्या संगणकात मात्र इंजिन चालू राहिल्याचे ३,४०० तास नोंदलेले निघाले. भागाकार करून पाहा: ताशी अठरा किलोमीटर. शनिवार-रविवारी मोकळ्या रस्त्यावर काढायची, एरवी झाकून ठेवायची, असं सांगितलेली पोर्शे बॉक्स्टर जन्मभर सायकलच्या वेगाने फिरली, यावर विश्वास ठेवायचा का? शहरात आणि हमरस्त्यावर मिळून वापरलेल्या गाडीची सरासरी सहसा याच्या दुपटीहून जास्त येते. म्हणजे मीटर मागे फिरवलेला, आणि थोडाथोडका नव्हे.

मीटर फिरवणं तसं जुनंच. ते कसं ओळखायचं ते खाली सांगतेच. पण आम्हाला ज्या पद्धतीने गुंडाळलं, त्यातलं मीटर हे सगळ्यात छोटं काम होतं. त्या माणसाने गाडीपेक्षा आम्हा दोघांचा अभ्यास जास्त केला होता. नवऱ्याला काय दाखवायचं आणि मला काय, हे त्याने पहिल्या फोनवरच ठरवलं असणार. जोडीने गाडी बघायला जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

शोध सुरू केला तेव्हा आमचं एकमत एवढ्यावरच होतं: सीट दोन, छत उघडणारं, गिअर हाताने टाकायचे. माझा जीव माझदा एमएक्स-५ वर. १९८९ साली आलेली ही गाडी, पहिल्या पिढीतली तर वजनाने एक टनाच्याही आत. जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार हीच, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणारेही. बघितलेल्यांपैकी बऱ्याच दारांखालच्या पट्टीत मागच्या चाकाजवळ गंजलेल्या होत्या. छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की ते तिथेच साचतं. होंडा एस२००० चालवली. पहिल्या इंजिनाची लाल रेषा, म्हणजे वेगाची वरची मर्यादा, मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर, वर गेलं की अंगावर काटा येतो, पण खालच्या फेऱ्यांत तिला दमच नाही. रोज रहदारीतून न्यायची तर कंटाळा येईल, असं माझं मत. नवऱ्याचं मत नोंदवण्यात अर्थ नाही. लोटस इलीजमध्ये बसायला दाराचा जो रुंद काठ ओलांडावा लागतो, त्यावर आमच्या गुडघ्यांनी निकाल दिला.

राहिली बॉक्स्टर. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध. सामानाला पुढे एक डिकी आणि मागे एक. नवऱ्याची निवड पहिल्यापासून हीच होती. मी हो म्हणायला वेळ घेतला तो एका बेअरिंगमुळे. १९९६ पासूनच्या बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आत एक मधला दांडा असतो, क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत (झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचवणारा. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग गेलं तर पूर्ण इंजिन जातं. या गाडीबद्दल वाचायला बसलात की पहिल्या पाच मिनिटांत हे भूत भेटतंच. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात हा दांडाच नाही. त्याआधी, २००६ ते २००८ च्या गाड्यांत बेअरिंग मोठं आणि बरंच टिकाऊ बसवलं आहे. आम्ही २००७ ची बघत होतो. फोनवर मी या बेअरिंगबद्दल विचारलं. पलीकडून क्षणभरही न थांबता उत्तर आलं, "वहिनी, काळजीच नको, ते काम केलंय. बिल आहे फाइलमध्ये."

बिल खरंच होतं. क्लचप्लेट बदलताना बेअरिंगही बदललं, असं त्यावर लिहिलेलं, शिक्क्यासह. आता ऐका. २००७ च्या इंजिनातलं ते मोठं बेअरिंग क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या कवचाच्या, तोंडातून बाहेरच येत नाही. ते काढायचं तर इंजिन उतरवून पूर्ण दोन भागांत फोडावं लागतं. क्लच बदलता बदलता ते होतच नाही. तसं काम फक्त आधीच्या, लहान बेअरिंगच्या गाड्यांत होतं. म्हणजे जे काम शक्यच नाही त्याचं बिल आमच्या हातात होतं. वाचून-वाचून घाबरलेलं गिऱ्हाईक येणार, हे गृहीत धरून ते आधीच करून ठेवलेलं. आम्हाला हे पुढे आमच्या मेकॅनिकने सांगितलं. बिल बघून तो हसला आणि मग एकदम गप्प झाला, कारण पैसे दिलेले त्याला माहीत होते.

गाडी बघायला गेलो तेव्हा ती धुऊन पुसून बाहेर उभी, इंजिन गरम. "आत्ताच पेट्रोल भरून आणली." थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत साखळी वाजते का, धूर येतो का, हे कळतं. गरम इंजिनात ते दडतं. इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या झाकणावरून काही कळत नाही; एक्झॉस्टच्या नळीच्या टोकाजवळ हात धरून बघणं एवढी एकच परीक्षा पुरते, आणि कोमट लागलं तर "उद्या सकाळी येतो, सुरू करू नका" म्हणून सरळ निघावं.

नंतर त्याने जे केलं ते या गाडीच्या बाबतीत फारच सोपं होतं. दोन सीटच्या गाडीत तिसरा बसत नाही. तो नवऱ्याला घेऊन चक्कर मारायला गेला. मी मागे राहिले, त्याच्या बायकोबरोबर. निदान बायको म्हणून ओळख करून दिली होती. ती गरोदर होती, बाळ येणार म्हणून दोन सीटची गाडी काढायची, असं कारण. तिने फाइल माझ्यापुढे ठेवली. प्लास्टिकच्या पाकिटांत लावलेली बिलं, सर्व्हिस बुकावर ओळीने शिक्के, टायरची पावतीसुद्धा. प्रत्येक पान उलटताना ती काही ना काही सांगत होती. तिकडे गाडीत त्याने माझ्या नवऱ्याला एकही कागद दाखवला नाही. छत उघडलं, बोगद्यात दुसऱ्या गिअरला आवाज ऐकवला आणि म्हणाला, "सर, हे कागदावर येत नाही." मग आमची अदलाबदल झाली. मी चालवत असताना तो शेजारी बसून फक्त देखभालीबद्दल बोलला, गाडी किती भरवशाची आहे, किती कमी खर्च येतो. आवाजाचं नावही नाही.

त्याने नवऱ्याला सांगितलं होतं की तो दुसरा मालक. तिने मला सांगितलं होतं, आम्ही तिसरे. नवऱ्याला: गाडीला कधी ओरखडाही नाही. मला: मागचा बंपर एकदा पार्किंगमध्ये घासला, रंगवून घेतला. दोघांना वेगळं ठेवलं की अशी वाक्यं समोरासमोर येत नाहीत, आणि घरी परतताना बोलणं होतं ते रंगावर, विम्यावर आणि गाडी उभी कुठे करायची यावर.

किमतीबद्दल एक सांगायला हवं. स्वस्तात मिळतंय म्हणजे पाणी मुरतंय, असं सगळे सांगतात. ही गाडी स्वस्त नव्हती. अशाच इतर गाड्यांपेक्षा थोडी जास्तच सांगितली होती, आणि घासाघीस करताना तो फार खाली आला नाही. "चांगल्या गाडीची किंमत चांगलीच असणार." स्वस्ताईचा संशय ज्यांना येतो त्यांच्यासाठी तोही बंदोबस्त केलेला.

तपासणीला त्याने नाही म्हटलं नाही. उलट आग्रह धरला. आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे रांग होती, आणि याच्याकडे "उद्या दुसरं एक जोडपं येतंय, टोकन घेऊन" असा निरोप. त्याने लगेच जवळचा एक जण सुचवला, कोणत्याही कंपनीशी संबंध नसलेला, पोर्शेचं काम जाणणारा. गाडी लिफ्टवर चढली, आम्हाला चहूबाजूंनी दाखवली, छापील यादीवर एकूण एक खुणा बरोबरच्या. रंगाची जाडी मोजणारं यंत्रही लावलं. आकडे साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे कारखान्यातल्या रंगाला शोभतील असे. ते सगळे आकडे डाव्या बाजूचे होते. उजवीकडे मागच्या चाकावरच्या पत्र्याला आमच्या मेकॅनिकने नंतर तेच यंत्र लावलं तेव्हा आकडा एक हजाराच्या वर गेला. तो रंग नाही, ती पुट्टी. मागच्या डिकीतला गालिचा उचलला तर सांध्यांवरचा सीलंट ब्रशने फासलेला, ब्रशच्या केसांचे ओघळ दिसतील असा. कारखान्यातला सांधा असा दिसत नाही. आणि पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पोर्शेचं एक स्टिकर असतं, त्यावर चासी क्रमांक, रंगाचा कोड आणि गाडीबरोबर मागवलेल्या सोयींचे कोड. ते नव्हतं. आम्ही विचारलंही होतं तेव्हा. "धुताना निघून गेलं" म्हणाला. प्रत्यक्षात झाकण बदललं की स्टिकर जुन्या झाकणाबरोबर जातं. गाडीने मागून मार खाल्ला होता आणि पुढूनही.

पैसे एका तिसऱ्याच नावाच्या खात्यावर मागितले, "बहिणीचं खातं". गाडीची नोंदणीही त्याच्या नावावर नव्हती. भावाच्या नावावर आहे, तो परदेशी आहे, सही केलेले कागद तयार आहेत. यातलं एकेक ऐकताना प्रत्येकाला पटेल असं कारण होतं, आणि तो ते प्रश्न येण्याआधीच देऊन टाकायचा. प्रश्न विचारायची पाळीच येऊ द्यायची नाही, ही त्याची खरी हुशारी. जेवढे पुरावे आमच्यासमोर आले, बिलं, तपासणी, शिक्के, किलोमीटर, ते सगळे त्याच्याच हातून आलेले. आम्ही स्वतः निवडलेल्या एकाही माणसाने तोवर गाडीला हात लावला नव्हता, आणि लावू नये अशीच घाई त्याने केली होती.

काही आठवड्यांत इंजिनातून टकटक यायला लागली. आमच्या मेकॅनिकने ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या पसरल्या, तर उन्हात चमकणारा धातूचा चुरा. मग त्याने संगणक जोडून नोंदी वाचल्या. या गाड्यांचा इंजिन-संगणक चालू तास तर ठेवतोच, शिवाय इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं हेही श्रेणी लावून ठेवतो. खालच्या श्रेणीतल्या नोंदींना फार अर्थ नसतो. वरच्या श्रेणी मात्र नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरने गाठता येत नाहीत, मर्यादा राखणारी यंत्रणा आधीच अडवते. तिथे पोचायचं तर वेगात असताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडावा लागतो. आमच्या गाडीत त्या श्रेणींतही नोंदी होत्या. म्हणजे ती कोणीतरी शर्यतीसारखी पिळलेली.

हा अहवाल काढायला अर्धा तास लागतो आणि गाडीच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. पोर्शे घेणार असाल तर तो मागाच, पण आपल्या माणसाकडून काढून घ्या. कागदावर छापलेला अहवालही बनवता येतो. दुसऱ्या गाड्यांत ही सोय नसली तरी साधा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकाला जोडून नोंदी वाचायचं छोटं यंत्र) लावून एक गोष्ट कळते: जुने दोष नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्व-चाचण्या "अपूर्ण" दाखवतात. रोज वापरातल्या गाडीत त्या पूर्ण असायला हव्यात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फाइलमधल्या टायरच्या पावतीची तारीख आमच्या टायरवर छापलेल्या तारखेच्या आधीची होती. ते टायर बनायच्या आधीच विकले गेले होते म्हणे.

पुढचं थोडक्यात. त्याने फोन उचलणं बंद केलं. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, किलोमीटर खरे असल्याचं त्याने लेखी कुठे म्हटलंय का. सुदैवाने मेसेजमध्ये होतं, जाहिरातीचे फोटोही जपून ठेवले होते. बऱ्याच ठिकाणी धंदेवाईक विक्रेत्यावर कायद्याची बंधनं जास्त असतात, घरगुती विक्रेत्यावर कमी; म्हणूनच हे लोक घर, बायको, बाळ असा सगळा देखावा मांडतात. तो धंदेवाईकच होता, हे आम्ही फोटोंवरून दाखवलं: वेगवेगळ्या गाड्यांच्या जाहिरातींत खाली फरशी तीच, कोपऱ्यातली फुटकी टाइलही तीच. प्रकरण चालू आहे. गाडी आमच्याकडेच आहे, इंजिन उघडलेल्या अवस्थेत, कारण पुरावा म्हणून जसंच्या तसं ठेवायला सांगितलंय.

मध्यंतरी तीच फरशी पुन्हा दिसली, या वेळी वर एक चंदेरी बीएमडब्ल्यू झेड४. मजकूर ओळखीचा: बाळ येणार, जड मनाने विकतोय, पूर्ण फाइल उपलब्ध. ओळखीच्या एका जोडप्याला मी मेसेज करायला लावलं: आम्ही सकाळी लवकर येऊ, गाडी थंड हवी, मेकॅनिक आमचा असेल, आणि फिरवून बघताना एक जण शेजारी बसेल, तुम्ही घरीच थांबा. दोन मिनिटांत उत्तर आलं की गाडी कालच विकली गेली. जाहिरात मात्र अजून तिथेच आहे.