जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड : दीड वर्षाच्या वापरानंतर

चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांसाठी माल पाठवण्याच्या नोंदी ठेवणारी प्रणाली आमचा सहा जणांचा चमू बाणेरच्या कार्यालयातून सांभाळतो. संध्याकाळी पाळी सुटण्याच्या सुमारास सगळे कारखाने एकदमच गाड्या भरतात आणि प्रत्येक गाडीमागे आमच्या सर्व्हरला बाहेरच्या दोन सेवांकडे विचारणा करावी लागते. त्यातल्या एकीचे उत्तर यायला गर्दीत सहा-सात सेकंद लागतात. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे मूळचे २०० थ्रेड (एका वेळी एकेक विनंती हाताळणारे कामाचे धागे) त्या उत्तराची वाट पाहण्यातच गुंतून पडत आणि फाटकावर उभ्या असलेल्या चालकाला पावती मिळत नसे. म्हणून व्हर्च्युअल थ्रेडसाठी, म्हणजे जावा स्वतः सांभाळते त्या हलक्या थ्रेडसाठी, आम्ही जावा १७ सोडून जावा २१ आणि स्प्रिंग बूट ही जावाची चौकट (फ्रेमवर्क) ३.२ आवृत्तीत घेतली.

व्हर्च्युअल थ्रेड सुरू करायला सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ पुरते. थ्रेड वाट पाहू लागला की तो खालच्या खऱ्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) थ्रेडवरून उतरतो आणि ती जागा दुसऱ्या कामाला मिळते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, कोड वरून खाली सरळ वाचता येतो. त्याआधी एका भागात आम्ही रिअ‍ॅक्टिव्ह पद्धत, म्हणजे उत्तरासाठी न थांबता ते आल्यावर काय करायचे ते तुकड्यातुकड्यांत लिहिण्याची रीत, वापरली होती. तिथे चूक नेमकी कुठे झाली हे स्टॅक ट्रेसमधून (चुकीपर्यंत कोड कसा पोहोचला त्या नोंदीतून) शोधताना अनुभवी माणसाचाही अर्धा दिवस जाई. तो भाग आम्ही साध्या कोडमध्ये पुन्हा लिहिला आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मात्र पहिल्याच आठवड्यात आम्हाला ठेच लागली. आमच्या एका जुन्या फंक्शनमध्ये डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवूनच बाहेरच्या सेवेला विचारणा होत असे. व्यवहार संपेपर्यंत डेटाबेसचे एक कनेक्शन अडकून राही आणि अशा कनेक्शनांचा साठा, म्हणजे कनेक्शन पूल, ४० चा होता. पूर्वी २०० पैकी ४० विनंत्यांना कनेक्शन मिळे आणि उरलेल्या १६० चार फेऱ्यांत, सात सेकंदांच्या हिशेबाने २८ सेकंदांत, कशाबशा मार्गी लागत. हा पूल सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीची कनेक्शनसाठी थांबण्याची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असल्यामुळे ही चूक कित्येक वर्षे झाकून राहिली. २०० चा बांध निघाल्यावर सहाशे विनंत्या थेट पुलाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि ‘कनेक्शन उपलब्ध नाही’ या ओळींनी लॉग भरून गेला. बाहेरची विचारणा व्यवहाराच्या बाहेर काढली आणि त्या सेवेकडे एका वेळी किती विनंत्या जाव्यात याला सेमाफोर (संख्येवर मर्यादा घालणारी कुलूपवजा सोय) लावला, तेव्हा हा प्रश्न सुटला. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने व्हर्च्युअल थ्रेड चालू करण्याआधी व्यवहारांच्या सीमा तपासाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा त्रास अधिक फसवा होता. सर्व्हर जवळजवळ रिकामा, सीपीयूवर भार नाही आणि तरीही एकही विनंती पुढे सरकत नाही. आमच्या यंत्राला चार कोअर, म्हणजे खाली वाहक, अर्थात व्हर्च्युअल थ्रेडना चालवणारे खरे, थ्रेडही चारच. एका जुन्या लायब्ररीतील सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कोडच्या भागात) नेटवर्कची वाट पाहणारे चार व्हर्च्युअल थ्रेड त्या चारही वाहकांना खिळून बसले होते. असे थ्रेड दाखवणारा पर्याय जावा २१ मध्येच आहे, त्यानेच ती जागा सापडली. लायब्ररी आमची नसल्यामुळे तेवढे काम आम्ही साध्या थ्रेडच्या पुलावर परत नेले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने ही अडचण मुळातूनच दूर केली, परंतु ती आवृत्ती दीर्घकालीन आधाराची नसल्याने आम्ही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा २५ साठी थांबलो. ते घेतल्यापासून हा प्रकार पुन्हा दिसलेला नाही. जावा २१ वरच राहणाऱ्यांना स्वतःच्या कोडमध्ये अशा ठिकाणी सिंक्रोनाइज्डऐवजी रीएन्ट्रंट लॉक हे जावाचे दुसरे कुलूप वापरता येईल.

थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र कप्प्यात, जड वस्तू साठवून ठेवण्याची जुनी सवयही सोडावी लागते, कारण येथे प्रत्येक विनंतीला नवा थ्रेड मिळतो आणि ती वस्तू दर वेळी नव्याने बनते. निव्वळ गणनेच्या कामाला या सोयीचा लाभ नाही. आमच्या मासिक अहवालांच्या पीडीएफ बनवायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, आणि त्या कामासाठी चार साध्या थ्रेडचा पूल आम्ही तसाच ठेवला आहे.