प्रॉम्प्टची थीम द्यायची कुठे: ओह माय झेडएसएच, ओह माय पॉश की स्टारशिप?

टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, आणि तिच्यात प्रत्येक कमांडच्या आधी दिसतो तो प्रॉम्प्ट. तो रंगवण्यात दोन-तीन रविवार गेले की वाटायला लागतं, आपली थीम आणखी कुणीतरी वापरावी. मी ‘आमसुली’ नावाची एक जमवली होती. फोल्डरच्या नावामागे आमसुली पट्टा, त्यावर बदामी अक्षरं, गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) शाखेला मोरपंखी, कमिट न केलेलं, म्हणजे नोंदवायचं काही राहिलं असेल तर डाळिंबी, आणि शेवटी करड्या रंगात वेळ. ती कुठे द्यावी हे ठरवताना प्रॉम्प्ट सजवणारे तीन प्रकल्प चाळले. माझा कल आधीच सांगून टाकतो: रंग आणि मांडणी दोन्ही तुमची असतील तर ओह माय पॉश, नुसते रंगच असतील तर स्टारशिप. ओह माय झेडएसएचचं नाव मोठं, पण तिथलं दार बंद आहे.

त्या बंद दारापासूनच सुरुवात करू. ओह माय झेडएसएच हा झेडएसएच या शेलसाठीचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठीचा) प्रकल्प. रॉबी रसेल यांनी २००९ मध्ये तो सुरू केला. त्याची मूळ थीमही त्यांच्याच नावाची. पुढे थीमचा असा पूर आला की आज रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) त्या शंभराहून जास्त आहेत, आणि ‘आता पुरे’ असं योगदानाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. नव्या माणसानं थीम स्वतःच्या रेपोत ठेवायची आणि विकीवर बाहेरच्या थीमची यादी आहे, तिथे तिची नोंद करायची. मला यात गैर काही वाटत नाही. इथली थीम म्हणजे झेडएसएचची स्क्रिप्ट. दिसायला रंगकाम, पण टर्मिनल उघडताच ती समोरच्याच्या मशीनवर चालते. म्हणजे प्रत्येक ओळ कुणीतरी वाचायला हवी. आणि देणारा वर्षभरात गायब झाला की दुरुस्ती त्याच चार लोकांच्या गळ्यात.

प्रॉम्प्ट आतून कसा चालतो हे शिकायचं असेल, तर मात्र सुरुवात इथूनच करा. रंगाचे अदृश्य कोड टक्का-चिन्ह आणि महिरपी कंसांत गुंडाळायला विसरलात, तर झेडएसएच त्यांचीही रुंदी मोजतं, आणि लांब कमांड लिहिताना ओळ भलत्याच जागी तुटून स्वतःवरच चढते. हा घोळ एकदा निस्तरला की पुन्हा विसरत नाही.

खरा फरक आहे तो रंग सांगण्याच्या पद्धतीत, आणि निवड करताना नेमकं याच्याकडेच दुर्लक्ष होतं. रंग दोन तऱ्हेनं सांगता येतो. एक, नावानं: लाल, हिरवा, निळा वगैरे सोळा. यात तुम्ही फक्त ‘हिरवा’ म्हणता. तो नक्की कसला हिरवा, हे समोरच्याचं टर्मिनल ठरवतं. दोन, हेक्स कोडनं, म्हणजे लाल, हिरवा, निळा किती हे सांगणाऱ्या सहा अक्षरी कोडनं: मग छटा तुमचीच, १,६७,७७,२१६ पैकी कुठलीही. जुन्या टर्मिनलांना मधली २५६ रंगांची पेटीच कळते, तिथे हेक्सची फसगत होते. नावाच्या रंगांचीही गंमत कमी नाही. माझ्या पहिल्या आवृत्तीत वेळ ‘उजळ काळ्या’ रंगात होती. माझ्याकडे तो छान करडा दिसायचा. मित्राच्या लॅपटॉपवर वेळ गायबच! त्याच्याकडे सोलराइज्डची गडद रंगसंगती होती, आणि तिच्यात ‘उजळ काळा’ म्हणजे पार्श्वभूमीचाच रंग.

ओह माय पॉशमध्ये थीम म्हणजे जेसन, यॅमल किंवा टॉमल या सेटिंग लिहिण्याच्या साच्यांपैकी एकातली फाइल. त्यात पॅलेटचा एक भाग असतो: रंगांना एकदा नावं द्यायची आणि पुढे त्याच नावांनी ते वापरायचे. आमसुलीची छटा बदलायची झाली तर एकाच ओळीत काम होतं. (नावं रोमन लिपीत ठेवा, देवनागरीत लिहिण्याचा मोह मलाही झाला होता, पण नंतर फाइलला हात लावणाऱ्याचा विचार करा.) पट्टे कुठे, टोकं गोल की तिरकी, गिटची खूण कोणती, हे सगळं त्याच फाइलमध्ये येतं, म्हणून थीम अख्खी देता येते. तीच फाइल पॉवरशेल, बॅश, झेडएसएच, फिश अशा वेगवेगळ्या शेलमध्ये चालते. प्रॉम्प्टचं चित्र काढून देणारी कमांडही सोबतच मिळते, म्हणजे स्क्रीनशॉट कापत बसायला नको. शंभरावर थीमच्या गर्दीत आपली कोण बघणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

स्टारशिपचं उलट आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा प्रकल्प प्रीसेट, म्हणजे तयार थीम, मोजकेच ठेवतो, जेमतेम डझनभर. तुमचा प्रीसेट त्यांत गेला तर तो प्रोग्रामच्या आतच बांधला जातो आणि एका कमांडनं कुणालाही मिळतो. पण त्यासाठी टॉमल फाइलसोबत माहितीचं पान आणि चित्रही द्यावं लागतं. माझ्या मते प्रीसेटच्या मागे लागण्यापेक्षा इथलं पॅलेट जास्त कामाचं. त्यात नेहमीच्या ‘निळ्या’चा अर्थसुद्धा बदलता येतो. समोरच्यानं दहा-बारा ओळी आपल्या फाइलमध्ये चिकटवल्या की त्याची मांडणी तशीच राहते आणि रंग तेवढे तुमचे होतात. ते वाटायला पुल रिक्वेस्टही, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंतीही, लागत नाही.

ओह माय पॉश आणि स्टारशिप, दोन्हीकडे बदलाचं शीर्षक ठरलेल्या साच्यात लिहावं लागतं. कुठेही काही पाठवण्याआधी त्या दिवशीचे नियम वाचा. ओह माय झेडएसएचचं दारही एकेकाळी उघडंच होतं.

आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकदा बघून घ्या. माझी आमसुली तिथेच अडकली आहे. वेळेसाठी आता हेक्समधला करडा घेतला, त्यामुळे मित्राकडे वेळ दिसते. पण पट्ट्याबाहेरचा तोच करडा पांढऱ्यावर पार फिका पडतो. ओह माय पॉशमध्ये दोन पॅलेट ठेवून प्रसंगानुसार एक निवडायची सोय आहे. उजेडातली आमसुली अजून हवी तशी लागलेली नाही, म्हणून पुल रिक्वेस्ट सध्या ड्राफ्टमध्येच आहे.