आगळ खारट का लागते? वूकॉमर्सवरील आमचे दुकान नव्याने मांडल्यानंतरचे दहा महिने

आमचे कुटुंब वेंगुर्ले तालुक्यात कोकम, काजू, आंबापोळी, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला असा घरगुती माल तयार करते आणि गेली पाच वर्षे तो संकेतस्थळावरूनही विकते. दुकान वूकॉमर्सवर उभे आहे. संकेतस्थळे उभारण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीला जोडून चालणारी, दुकानासाठीची ही मुक्त स्रोत प्रणाली 2011 मध्ये आली आणि 2015 पासून ती ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे. प्रणाली मोफत मिळते; होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा), थीम (पानांचा आयता साचा) आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) यांचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा असतो. गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आधी आम्ही दुकानाची मांडणी मुळापासून बदलली. मधल्या काळात आंब्याचा एक पूर्ण हंगाम पार पडला असल्यामुळे आता त्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

जुने दुकान दिसायला वाईट नव्हते. पहिल्या पानावर पाच फिरते फलक होते, समुद्राचे छायाचित्र होते आणि सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची माहिती ठळक अक्षरांत होती. तरीही लोक वस्तू टोपलीत टाकत आणि पैसे न भरता निघून जात. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार टोपली अर्धवट सोडण्याचे सरासरी प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे हे दुखणे आमच्या एकट्याचे नव्हते हे ठाऊक होते. ते नेमके कोठे आहे हे मात्र माझ्या जाऊबाईंच्या वहीने दाखवले. दुकानाचा फोन त्या घेतात आणि प्रत्येक फोनवर काय विचारले गेले ते एका दुरेघी वहीत टिपून ठेवतात. ती वही दोन वर्षांची होती. मानांकनाविषयी तिच्यात एकही प्रश्न नव्हता. "आमच्या गावाला येईल का", "पोहोचवण्याचे किती पडतील", "पैसे गेले पण काही कळले नाही" आणि "सरबत खारट का लागते", हे चार प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक पानावर होते. नव्या मांडणीचा आराखडा आम्ही त्या वहीवरूनच केला, आणि थीम सर्वांत शेवटी निवडली.

खारट सरबताचा प्रश्न मुळात सरबताचा नव्हताच. कोकम आगळ म्हणजे मिठात काढलेला कोकमाचा रस, जो सोलकढीला किंवा आमटीला वापरतात. कोकम सरबताचा अर्क साखरेतला असतो. कोकणातल्या माणसाला हा भेद सांगावा लागत नाही, आणि म्हणूनच आम्ही तो कोठेही लिहिला नव्हता. दोन्ही बाटल्या लालभडक, दोन्ही छायाचित्रे एकाच मेजावर एकाच कोनातून काढलेली आणि नावे "कोकम आगळ" व "कोकम अर्क" अशी. नागपूर किंवा इंदूरच्या ग्राहकाने उन्हाळ्यात थंड पेयासाठी आगळ मागवले, तर चूक त्याची कशी म्हणायची? आता आगळाच्या नावातच "मिठातले, सोलकढीसाठी" असे शब्द आहेत, छायाचित्रात बाटलीशेजारी नारळाचे दूध आणि सोलकढीची वाटी आहे, तर अर्काच्या छायाचित्रात सरबताचा पेला आहे. खाली एक ओळ लिहिली आहे: "गोड सरबत हवे असल्यास ही बाटली घेऊ नये, ती घ्यावी", आणि त्या "ती"वर टिचकी मारली की दुसरे पान उघडते. आपल्याच मालाच्या पानावर "हे घेऊ नका" असे लिहिणे सासूबाईंना प्रथम अशुभ वाटले होते. गेल्या दहा महिन्यांत या तक्रारीचा एकच फोन आला, आणि तोही बाटली भेट म्हणून मिळालेल्या गृहस्थांचा होता.

काजूच्या बाबतीतही थोडे असेच झाले. डब्ल्यू 240 आणि डब्ल्यू 320 या प्रती व्यापाऱ्यांना कळतात, घरी खाणाऱ्याला कळत नाहीत. एका पौंडात 320 प्रतीचे साधारण 300 ते 320 दाणे बसतात आणि 240 प्रतीचे 220 ते 240, म्हणजे आकडा लहान तितका दाणा मोठा. हे एका वाक्यात लिहून तळहातावर ठेवलेल्या दाण्यांचे छायाचित्र दिले, एवढेच.

शोधपेटीकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. ग्राहक काय शोधतात याची नोंद ठेवणारे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा पूरक प्रोग्राम, बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात कळले की "काही सापडले नाही" हे पान पाहणारे बहुतेक लोक आमच्याकडे असलेलीच वस्तू शोधत होते. आम्ही आमसूल लिहिले होते, लोक कोकम किंवा सोलं शोधत होते. कुळीथ हा शब्द आम्हाला एकमेव वाटत होता, पण देशावरची माणसे हुलगा म्हणतात. शिवाय कुळीथ, कुळिथ, पीठ, पिठ असे ऱ्हस्व-दीर्घाचे भेद होतेच, आणि रोमन लिपीत कोकमाची चार-पाच तऱ्हेची स्पेलिंगे होती. वूकॉमर्सचा साधा शोध वस्तूच्या नावातले आणि वर्णनातले शब्द जसेच्या तसे पाहतो, समानार्थी शब्द त्याला कळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या वर्णनाखाली "या वस्तूची इतर नावे" अशी ओळ घातली. तिच्यामुळे शोधही सुधारला आणि वाचणाऱ्याला शंकाही राहिली नाही. या संपूर्ण कामात कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त लाभ याच ओळीने दिला, असे माझे मत आहे.

मराठीत दुकान चालवणाऱ्यांसाठी अक्षरांविषयीही लिहिले पाहिजे, कारण आयत्या थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. आमच्या आधीच्या थीममध्ये बटणांवरच्या अक्षरांत मुद्दाम अंतर ठेवलेले होते. रोमन अक्षरांना ते शोभते, देवनागरीत मात्र त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधले अंतर इतके कमी होते की शीर्षकांतल्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जात. दोन्ही दोष सीएसएसच्या, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांच्या, दोन ओळींत सुटले. मजकुरासाठी मुक्त वापराचा मुक्ता हा फॉण्ट घेतला. बटणांवरचे आयते भाषांतरही बदलले. "चेकआउटकडे पुढे जा" या शब्दांऐवजी आता "पत्ता आणि पैसे" असे लिहिले आहे.

पत्त्याच्या पानावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. पूर्वी तेथे पहिले नाव, आडनाव, कंपनी, देश, पत्त्याच्या दोन ओळी, शहर, राज्य, पिन कोड, फोन, ईमेल असे रकाने होते आणि खाते उघडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. आता खात्याची सक्ती नाही आणि पूर्ण नावासाठी एकच रकाना आहे. पिन कोड सर्वांत आधी विचारला जातो व त्यावरून शहर आणि राज्य आपोआप भरले जाते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि 15 ऑगस्ट 1972 पासून अमलात आलेली ही सहा आकड्यांची पद्धत अशा कामासाठी आजही इतकी उपयोगी पडते, याचे मला राहून राहून कौतुक वाटते. हाच पिन कोड आम्ही वस्तूच्या पानावरही विचारू लागलो, म्हणजे माल तेथे पोहोचेल का आणि पोहोचवण्याचा खर्च किती, हे टोपली भरण्यापूर्वीच कळते. आमच्या बाटल्या जड असतात, आणि हलक्या पण मोठ्या खोक्यांना कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची यांच्या गुणाकारावरून काढलेले वजन लावतात. त्यामुळे हा खर्च कधी कधी वस्तूच्या निम्म्याने होतो. तो शेवटच्या पानावर दाखवणे म्हणजे ग्राहकाला दारातून परत पाठवणे होते. आता काही जण खर्च पाहून पहिल्याच पानावरून जातात, आणि बरेच जण एकाऐवजी तीन बाटल्या घेतात. रकाने कमी करताना एक रकाना मात्र आम्ही वाढवला, तो म्हणजे "जवळची खूण". सल्ला देणाऱ्या जाणकारांनी तो काढायला सांगितला होता, पण "मारुतीच्या देवळामागे" एवढे लिहिल्याने किती फेऱ्या वाचतात हे माल पोहोचवणाऱ्या मुलांनाच विचारावे.

पैशांच्या पानावर आमची फजिती झाली. आम्ही निवडलेल्या पहिल्या पेमेंट गेटवेचे पान मोबाइलवरही यूपीआयचा क्यूआर कोड दाखवत असे, आणि स्वतःच्या पडद्यावरचा कोड स्वतःच्याच फोनने टिपता येत नाही ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही, कारण चाचणी आम्ही संगणकावर केली होती. शेजारच्या पाच जणांना त्यांच्याच फोनवर खरेदी करायला बसवले आणि आम्ही तोंड मिटून नुसते पाहिले, तेव्हा पहिल्याच काकूंनी "आता दुसरा फोन आणू का?" असे विचारले. पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक मोठे दोष उघड होतात असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये लिहिले होते. आमच्याकडे एकीनेच काम भागवले. यूपीआयचे ॲप थेट उघडणारा पर्याय त्यानंतर घेतला.

दुसरी चूक पूर्णपणे आमची होती. पैसे भरल्यावर काही ग्राहक ॲपमधून ब्राउझरकडे परत येत नाहीत, आणि अशा वेळी गेटवेने दुकानाला परस्पर निरोप देण्यासाठी वेबहुकचा पत्ता भरून ठेवावा लागतो. तो आम्ही भरला नव्हता. पैसे न भरलेल्या मागण्या ठरावीक मिनिटांनी रद्द करण्याची सोय वूकॉमर्समध्ये असते, त्यामुळे पैसे आमच्या खात्यात आले तरी मागणी रद्द दिसे. "पैसे गेले पण काही कळले नाही" या वहीतल्या प्रश्नाचे मूळ इतक्या साध्या जागी होते, आणि दोन वर्षे आम्ही ग्राहकांच्या नेटवर्कला दोष देत होतो.

वेगाच्या बाबतीत थोडक्यात सांगते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गुगलचा निकष आमचे जुने पान कोठेच पाळत नव्हते, कारण फोनवरून काढलेली तीन-चार एमबीची छायाचित्रे आम्ही तशीच चढवत होतो. फिरते फलक काढले, छायाचित्रे लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवली आणि निम्मी प्लगइन काढून टाकली, तेव्हा कोठे पान हलू लागले. उत्साहाच्या भरात कॅशिंगचे, म्हणजे एकदा तयार झालेले पान साठवून तेच पुन्हा दाखवणारे, प्लगइन मात्र सर्व पानांना लावले आणि एका ग्राहकाला दुसऱ्याची टोपली दिसू लागली. टोपली, पत्ता-पैसे आणि खाते ही तीन पाने कॅशिंगमधून वगळावीत असे वूकॉमर्सच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. ते आम्ही नंतर वाचले.

विक्री वाढवण्याचा एक सल्ला आम्ही जाणूनबुजून नाकारला. एका सल्लागाराने पानावर उलट मोजणारे घड्याळ आणि "फक्त दोन शिल्लक" अशी पाटी लावायला सांगितली होती, गोदामात दोनशे बाटल्या असल्या तरी. अशा खोट्या घाईचा समावेश केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील 13 फसव्या रचनांमध्ये आहे, आणि आधीच खूण केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरण्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनीही मनाई केली आहे. नियम नसते तरी आम्ही ते केले नसते, कारण वर्षानुवर्षे तेच ग्राहक पुन्हा येतात आणि वेंगुर्ल्याला आले की घरीही डोकावतात. आंब्याच्या पानावर मात्र खरी मर्यादा लिहितो. हंगाम संपला की पूर्वी ते पान काढून टाकत होतो. आता ते वर्षभर राहते, पुढचा माल साधारण केव्हा येईल ते तेथे लिहिलेले असते, आणि फोन क्रमांक ठेवल्यास पेट्या निघू लागताच कळवले जाते.

विक्री किती वाढली, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. वाढली आहे, पण एप्रिल-मेमधल्या उड्डाणाचे श्रेय मांडणीला देणे अप्रामाणिक ठरेल, कारण तेव्हा आंबा असतो आणि त्याच्यासोबत सगळेच खपते. म्हणून आम्ही तोच महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतो, आणि एकूण रकमेपेक्षा टोपलीपर्यंत आलेल्यांपैकी किती जणांनी पैसे भरले हे पाहतो. हे प्रमाण ऑक्टोबर ते जानेवारी या आंबा नसलेल्या महिन्यांतही चढते राहिले, यावरून बदल उपयोगी पडले असे मी म्हणते.

कटकटीही आहेत. थीम, प्लगइन आणि मूळ प्रणाली यांच्या सुधारित आवृत्त्या वेगवेगळ्या वेळी येतात व प्रत्येक वेळी आधी दुकानाच्या प्रतिकृतीवर तपासून पाहावे लागते. पिन कोडचे प्लगइन वूकॉमर्सच्या नव्या धाटणीच्या चेकआउटशी, म्हणजे पत्ता आणि पैशांच्या पानाशी, जुळत नसल्याने आम्ही अजून जुन्याच धाटणीवर आहोत. ईमेलची सक्ती काढल्यामुळे निरोप एसएमएसने द्यावे लागतात, त्यांचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि देवनागरी एसएमएसमध्ये 160 ऐवजी 70 च अक्षरे मावत असल्याने "आपली मागणी रवाना झाली आहे" एवढ्यातच तिसऱ्या हिश्शाहून अधिक जागा जाते. घरात कोणी एक जण आठवड्याचा अर्धा दिवस या कामाला देऊ शकत असेल, तरच मी हा मार्ग सुचवीन. तसे नसेल तर मासिक शुल्क घेऊन सर्व सांभाळणारी सेवा घेतलेली बरी.

जाऊबाईंची वही अजून चालू आहे, फक्त एक पान भरायला आता आठवडा लागतो. सध्या तिच्यात पावसाळ्यात आंबापोळी चिकट होईल का, हा प्रश्न सर्वाधिक वेळा आहे. त्याचे उत्तर सासूबाईंनी मला तोंडी सांगितले आहे. ते पानावर घालायचे राहिले आहे.