डोळ्याचं वंगण: जेलचे थेंब, दोन सीझन वापरल्यानंतर

माझा डावा डोळा खोटा आहे. गावात त्याला अजून ‘काचेचा डोळा’च म्हणतात, पण तो ॲक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्याच जातीचं प्लास्टिक. 2019 साली कोल्हापूरला माप देऊन करून घेतला. मला समोर बसवून, उजव्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवलं त्या माणसाने. काम असं की नवीन गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय कळत नाही. तारकर्लीला आमची खाणावळ आहे, त्यामुळे नवीन गिऱ्हाईक रोजचंच.

पाणी त्या डोळ्यालाही येतं. अश्रूंची ग्रंथी वर शाबूत असते, बांगड्याचं तिखलं जरा चढं झालं की दोन्हीकडून धारा. भानगड वेगळी आहे. प्लास्टिकवर ते पाणी टिकत नाही आणि माझी डावी पापणी पुरती मिटतही नाही. मग एप्रिल-मेच्या दुपारी खारा वारा, वर पंखा, शेजारी तव्याची धग, असं सगळं जमलं की पापणी घासायला लागते. चारपर्यंत कोपऱ्यात पांढरी चिपडं, आणि डोळा मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा निस्तेज. मासे रोज बघते म्हणून सांगते.

सासूबाईंचा उपाय तयार होता. “अगो, खोबरेलाचो एक थेंब सोड, कित्याक पैशे फुकट घालतंस?” घाण्यावरचं असलं तरी ते जेवणातलं तेल, डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं नव्हे. नाही घातलं.

आधी साधे पातळ थेंब आणले, कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज अर्धा टक्का. नाव लांबलचक आहे, मेडिकलवाल्याला ‘सीएमसी’ म्हटलं तरी कळतं. जन औषधी केंद्रातही मिळतात आणि स्वस्त पडतात. वाईट नाहीत, पण अर्ध्या-पाऊण तासात वाळतात. हात माशाच्या मसाल्याने माखलेले असताना दर तासाला कोण थेंब घालत बसणार?

म्हणून दोन सीझन झाले, त्याच औषधाचं एक टक्क्याचं जेल वापरते. बाटली थेंबांचीच, पण थेंब दाट, मधासारखा सावकाश उतरतो. सकाळी एक, दुपारच्या पंगतीआधी एक, झोपताना एक. डोळा काढायचा नाही, खालची पापणी ओढायची आणि आत सोडायचा, नोझल कुठे टेकू द्यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात चिपडं निम्म्यावर आली आणि डोळ्यात ओली चमक दिसायला लागली. आतल्या कागदावर लिहिलंय की घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसेल, गाडी चालवू नये. मला दर वेळी हसू येतं.

खोट काढायचीच तर दोन. दाट असल्यामुळे पापणीच्या केसांवर त्याची खपली धरते, सकाळी कोमट पाण्याच्या फडक्याने टिपावी लागते. आणि उघडलेली बाटली महिन्याने टाकायची, अर्धी उरली तरी. माझ्यातला मालवणी जीव तेव्हा कळवळतो.

कोल्हापूरहून मिळालेलं सिलिकॉन तेलही वापरून पाहिलं. ते वाळतच नाही, एका थेंबात दिवस जातो. पण ते खोट्या डोळ्यापुरतंच, चांगल्या डोळ्यात चुकून पडू नये म्हणून बाटलीला लाल दोरा बांधला होता. शिवाय आमच्या रस्त्यावरची जांभ्याची लाल धूळ त्यावर येऊन बसते. बंद खोलीत काम करणाऱ्यांना चालेल, मला नाही.

टिपण्यावरून आठवलं. फडकं नेहमी बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे न्यायचं. एकदा घाईत उलटं पुसलं, डोळा आतल्या आत फिरला आणि मी तशीच सोलकढी वाढायला गेले. पुण्याच्या पाहुण्यांचा छोटा मुलगा म्हणाला, “आई, मावशी एकाच वेळी दोन्हीकडे बघतेय.” त्याच्या आईची मान खाली. मला मात्र हसू आवरेना.

दुसरा गाढवपणा 2020 मधला. सगळंच सॅनिटायझरने पुसत होतो, मी डोळाही पुसला. स्पिरिटने ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. नखाला लागत नव्हत्या, पापणीला मात्र लागल्या. त्या भेगा पॉलिशने घासून काढेपर्यंत डोळ्यात वाळू असल्यासारखं वाटायचं, आणि तेव्हा कुठलंही वंगण उपयोगाला आलं नाही. तेव्हापासून धुणं फक्त लहान मुलांच्या शांपूने, कोमट पाण्यात, बेसिनची जाळी बंद करून आणि खाली टॉवेल अंथरून. तेही महिन्यातून एकदा. रोज काढ-घाल केली तर खोबण चिडते आणि घाण उलट वाढते, हे मी स्वतः अनुभवलंय. वर्षातून एकदा पॉलिश करायला घाट चढावाच लागतो, आणि आता नव्या डोळ्याचीही वेळ आलीय.

तर पाचपैकी चार. एक कापला तो महिन्याला फेकाव्या लागणाऱ्या अर्ध्या बाटलीसाठी. पिवळं-हिरवं पू यायला लागलं किंवा पापणी सुजली, तर जेलचा प्रयोग करत बसू नका, डॉक्टर गाठा.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी तेच पातळ थेंब लिहून दिले. बाटली देवघरात ठेवलीय, मला हात लावू देत नाहीत. खोबरेल पुन्हा डोक्याला.