सीईएसचा फुकट डेटा: आपला उमेदवार पडल्यावर मतदार पलीकडे का जातो, ते बघायचं असेल तर हाच घ्या

रेटिंग: पाचपैकी साडेचार

पॉलिटिकल सायन्स नाहीतर स्टॅटचं एमए-एमएस्सी करणारी पोरं आणि निवडणुकीत बूथनिहाय आकडे काढत बसणारे आपल्यासारखे लोक, दोघांसाठी लिहितोय. अमेरिकेत सीईएस (कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी) नावाचा मतदारांचा सर्व्हे आहे, २००६ पासून चालू आहे, आधी त्याला सीसीईएस म्हणायचे. त्याचा सगळा कच्चा डेटा हार्वर्डच्या डेटाव्हर्सवर (संशोधनाचा डेटा ठेवायची वेबसाइट) फुकट मिळतो. २०१६ च्या फाइलमध्ये ६४,६०० माणसांची उत्तरं आहेत. एकेका माणसाची एकेक ओळ. पैसे लागत नाहीत, कुणाची ओळख लागत नाही, नाशिकमध्ये घरी बसून उतरवून घ्या.

मी तो घेतला एका प्रश्नासाठी. इथे तिकीट कापलं की सिडकोपासून पंचवटीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "त्याची माणसं नाराज झाली, मतं फिरली." खरंच नाराजीनं फिरतात का? आपल्याकडे हे तपासायला काहीच नाही. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, कुणाला द्यायचं ते वर ठरतं, मतदाराला त्यात कोण विचारतो. अमेरिकेत मात्र पक्षाचा उमेदवारच लोकं मत देऊन ठरवतात, प्रायमरी म्हणतात त्याला, त्यामुळे आपला माणूस प्रायमरीत हरल्यावर त्याच मतदारानं नोव्हेंबरमध्ये काय केलं हे विचारता येतं. हा सर्व्हे तेच करतो. निवडणुकीच्या आधी एकदा विचारतो आणि झाल्यावर त्याच माणसाला परत गाठतो.

२०१६ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत बर्नी सँडर्स हिलरी क्लिंटनकडून हरले. १२ जुलैला त्यांनी स्वतः क्लिंटनना पाठिंबा दिला. तरी ब्रायन शॅफनर (या सर्व्हेच्या टीममधलेच प्राध्यापक) यांनी याच डेटातून काढलं की सँडर्सच्या प्रायमरी मतदारांपैकी साधारण १२ टक्के लोकांनी समोरच्या रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्पना मत दिलं. हा आकडा बाहेर आल्यावर तिकडे केवढा गदारोळ झाला, कारण विस्कॉन्सिन राज्य ट्रम्पनी फक्त २२,७४८ मतांनी जिंकलं होतं आणि मिशिगन १०,७०४ नी. सगळं खापर सँडर्सवाल्यांवर. पण २००८ मध्ये क्लिंटन प्रायमरीत ओबामांकडून हरल्या तेव्हा त्यांच्या मतदारांतून रिपब्लिकन उमेदवार मॅकेनकडे गेलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या एका सर्व्हेत जवळपास चारात एक निघालं होतं, आणि तरी ओबामा आरामात निवडून आले. म्हणजे १२ टक्के ही काही आभाळ कोसळण्याची गोष्ट नव्हती, राज्यं काठावरची होती म्हणून तो आकडा टोचला.

आता खरी मजा. हे १२ टक्के कोण, ते फाइलमध्ये बघता येतं. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे त्यांच्यात बरेच कमी. सँडर्सकडून क्लिंटनकडे गेलेल्यांपेक्षा वयानं मोठे, गोरे जास्त, आणि ओबामांच्या कामावर नाखूश. गोऱ्या लोकांना अमेरिकेत जन्मतःच फायदा मिळतो का, या प्रश्नाला त्यातले जवळपास निम्मे नाही म्हणतात, आणि क्लिंटनकडे गेलेल्यांत असं म्हणणारे अगदी थोडे. व्यापार करारांवरून हे लोक फुटले असं टीव्हीवर खूप बोललं गेलं, पण त्या प्रश्नावर दोन्ही गटांत फारसा फरकच दिसत नाही.

मला यातून एवढं पक्कं पटलंय की यातले बरेचसे हरल्याच्या रागानं गेलेले नाहीत, ते त्या पक्षाचे मुळात नव्हतेच. उमेदवार आवडला म्हणून दारात आले होते, उमेदवार गेला तसे तेही निघाले. आणि जे पक्षाचे होते ते कुरकुरत का होईना क्लिंटनकडेच गेले, चारात तीन जण तरी. रागवलेला माणूस आणि पाहुणा माणूस बूथच्या आकड्यात सारखाच दिसतो, तो वेगळा काढायचा तर त्यालाच दोनदा विचारावं लागतं.

म्हणून आपल्याकडच्या गोष्टी डोक्यात येतात. २०२३ च्या नाशिक पदवीधरला काँग्रेसची उमेदवारी डॉ. सुधीर तांबेंना होती, त्यांनी अर्ज भरला नाही, सत्यजीत तांबे अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. ती मतं काँग्रेसची फुटली की आधीपासूनच तांबेंची होती? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि पुरावा कुणाकडेच नाही. महापालिकेत तर अजून अवघड. २०१२ ला मनसेचे ४० नगरसेवक, २०१७ ला ५, आणि २०१७ ला बहुतेक प्रभागात मतदाराच्या हातात चार मतं, म्हणजे एकाच माणसानं तीन मतं पक्षाला देऊन चौथं आपल्या बंडखोराला दिलं असेल तर त्याला पक्ष सोडला म्हणायचं का? केंद्रनिहाय निकाल बघून मी असले तक्ते करतो, त्यात बेरीज दिसते, माणूस दिसत नाही. फार चरफडायला होतं.

या डेटाची सगळ्यात भारी बाजू म्हणजे ते नुसत्या तोंडी उत्तरावर विसंबत नाहीत. मतदान केलं असं सगळेच सांगतात. हे लोक सरकारी मतदार नोंदींशी जुळवून बघतात की हा खरंच प्रायमरीला गेला होता का. कुणाला मत दिलं ते अर्थातच नोंदीत नसतं, पण गेला की नाही एवढं कळलं तरी निम्मी थापेबाजी गळून पडते.

आता अर्धा स्टार का कापला. प्रायमरीत कुणाला मत दिलं हा प्रश्न ऑक्टोबरच्या सुमाराला विचारलाय, तोवर कित्येक महिने उलटलेले, माणसाची आठवण तेवढ्यात सोयीप्रमाणे बदलते. दुसरं, सर्व्हे ऑनलाइन आहे, यूगव्ह या सर्व्हे कंपनीच्या पॅनलमधली माणसं निवडून घेतलेली. आणि देशपातळीवर ६४,६०० मोठे वाटतात पण एका राज्यातले सँडर्सचे मतदार, त्यातले परत ट्रम्पकडे गेलेले असं चाळत गेलं की हातात मूठभर ओळी उरतात, त्यामुळे "विस्कॉन्सिनमध्ये इतक्या हजारांनी पलटी मारली" असं कुणी ठासून सांगितलं तर थोडं थांबून ऐका. देशभराचा आकडा भक्कम आहे, राज्याचा अंदाजच.

वापरायला जरा किचकट. पाचशेच्या वर कॉलम, नावं म्हणजे सीसी १६ आणि पुढे नुसते नंबर, कुठला प्रश्न कुठे ते गाइडची पीडीएफ शेजारी उघडी ठेवल्याशिवाय कळत नाही. एक्सेलमध्ये उघडते पण जुना लॅपटॉप असेल तर धाप लागते, सरळ आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकटच आहे. वेट्सचा (नमुना देशाच्या लोकसंख्येशी जुळवणाऱ्या भारांकांचा) कॉलम लावल्याशिवाय एकही टक्का काढू नका, आणि मतदान पडताळलेल्यांसाठी वेट्सचा वेगळा कॉलम आहे तो शोधा.

२००६ पासूनची सगळी वर्षं जोडलेली एक एकत्र फाइल पण मिळते, दिसायला ती सोयीची, पण मतांमागचे सगळे प्रश्न तिच्यात नाहीत, या विषयासाठी २०१६ ची स्वतंत्र फाइलच घ्या. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या कुणाला डेझर्टेशनला विषय सुचत नसेल तर पहिलं टेबल हे करा: सँडर्सचे मतदार घ्या, ते स्वतःला कुठल्या पक्षाचे म्हणवतात त्याप्रमाणे गट पाडा, आणि प्रत्येक गटातले किती ट्रम्पकडे गेले ते काढा.