कॅरव्हॅनची स्टॅबिलायझर हिच, आठ महिन्यांनंतर: एका ताऱ्यावरून तीन

पहिल्या महिन्यात या हिचला मी एकच तारा दिला होता. आज तीन देतेय, त्यातलाही एक कुरकुरत.

हिच म्हणजे गाडीला कॅरव्हॅन, म्हणजे मागून ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडणारा सांधा. ही हिच टो-बॉलला, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्याला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरते आणि घर्षणाने कॅरव्हॅनचं झुलणं आवरते. घ्यायचं कारण असं की उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि आमची १२०० किलोची कॅरव्हॅन मागे शेपूट हलवायला लागली. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. शेजारून नवरा ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडत होता. मी फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तशी ती शांत झाली. झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह फार होतो, पण आपला हात नेहमी उशिरा पोचतो आणि पुढच्या झोक्याला उलट बळ मिळतं.

विक्रेत्याने काहीही न मोजता ही हिच गळ्यात मारली. आम्हीही काही न विचारता घेतली.

आणि मग ती किंचाळायला लागली! पार्किंगमध्ये वळताना तर असा आवाज की लोक वळून बघायचे. चार वेळा सर्व्हिसवाल्याकडे गेले. पहिल्या दोन वेळा ‘असा आवाज येतोच’, तिसऱ्या वेळी ‘पॅड बदला’, चौथ्या वेळी ‘पॅड झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही’. वाद घालता घालता शेवटी मीच बॉलवरून बोट फिरवलं. बोट काळं. दादाने मागच्या मोसमात प्रेमाने ग्रीस फासलं होतं. साध्या हिचला ग्रीस चालतं, पण हिची सगळी कमाई घर्षणावर! ब्रेक क्लीनरने बॉल पुसला, पॅडवरून बारीक सँडपेपर हलकेच फिरवला, आवाज जवळपास गेला. नवीन बॉलवरचा रंगही असाच काढावा लागतो. ही गोष्ट चार भेटींत एकालाही सुचू नये?

इथवर आल्यावर मी दोन तारे केले होते. तिसरा तारा खरं तर न्हाणीघरातल्या वजनकाट्याचा आहे.

कारण हिच बसवूनही वेग वाढला की मागून बारीक हेलकावा जाणवायचाच. म्हणून एका रविवारी सपाट जागी चाकांना अडण्या लावल्या, काटा हिचखाली ठेवला, मध्ये लाकडी ठोकळा उभा केला आणि कॅरव्हॅन आडवी समतल राहील इतपत नाक टेकवलं. काट्यावर ३१ किलो. नाकावर भार कमी पडला की कॅरव्हॅन मागून झुलते. युरोपात कॅरव्हॅनच्या भरल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार बॉलवर असावा असं धरतात, म्हणजे आमच्यासाठी ६० ते ८४. अमेरिकेत तर १० ते १५ टक्के सांगतात. आमच्या गाडीच्या बॉलची मर्यादा ७५.

चोर सापडला मागच्या भिंतीवर. रॅकसकट दोन सायकली, ४० किलो. कॅरव्हॅनच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, ३.३ मीटर मागे. हिच ॲक्सलच्या ४ मीटर पुढे. सी-सॉच्या हिशोबाने त्या सायकली नाकावरचा ३३ किलो भार उचलत होत्या. शिवाय टोकाला टांगलेलं वजन एकदा झुलायला लागलं की थांबायला वेळ घेतं, हा निराळा ताप. सायकली काढल्यावर काटा ६४ वर. मागच्या पलंगाखालचा २० किलोचा ऑनिंग (दाराबाहेर उभारायचा कापडी मांडव) ॲक्सलवर सरकवल्यावर ७४. सायकली आता आत, जमिनीवर, ॲक्सलच्या बरोब्बर वर, जुन्या चादरीवर निजून प्रवास करतात. नवऱ्याला हे आवडलेलं नाही. चेनचं तेल चादरीला लागतं म्हणे.

एक किलोची सवड ठेवून इतकं खूश होऊ नये हे मलाही कळतं. गाडीचा मागचा भाग किंचित बसलाच, कारण बॉल गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे आहे. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.७ मीटर असल्याने पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी होतात आणि मागच्यांवर १०४ वाढतात. म्हणून डिकीतली जड पेटीही हलवली आणि मागच्या टायरांत पुस्तिकेतला भरल्या गाडीचा दाब भरला.

मग मुद्दाम, रिकाम्या सरळ रस्त्यावर, स्टॅबिलायझरची पॅड आवळणारी दांडी न दाबता चालवून पाहिलं. गाडी सुतासारखी सरळ. दांडी दाबल्यावर बाजूने ट्रक गेला की बसणारा धक्का मात्र लवकर जिरतो, हे प्रामाणिकपणे कबूल करते. म्हणजे वस्तू वाईट नाही. वाईट हे की तिने आमच्या सायकलींचं पाप निम्मं झाकून ठेवलं आणि मी त्याचे पैसे मोजले.

पॅड निम्म्याहून जरा जास्त झिजलेत. संपले की नवे मीच बसवणार आहे, त्या काउंटरवर पाचव्यांदा उभं राहायची ताकद नाही. आणि दादाला ग्रीसच्या डबीजवळ जायची बंदी आहे.