एका वेलीसाठी किलोभर गंधक

माझ्या एकुलत्या एका द्राक्षवेलीसाठी मी ८० टक्के गंधकाचं, पाण्यात मिसळायचं दाणेदार औषध घेतलं, त्याला आता दोन हंगाम झाले. भुरीवर, म्हणजे पानांवर-मण्यांवर पांढरट भुकटी आणणाऱ्या बुरशीवर, ते चालतं. फक्त भुरी दिसायच्या आधी मारायला हवं.

हे मला उशिरा कळलं. पानांवर राख सांडल्यासारखं काहीतरी होतं, मी धूळ समजून बोटानं पुसत बसले. पुढे हिरवे मणी वाढायचे थांबले, मग तडकले, आणि फटीतून आतल्या बिया दिसायला लागल्या. तेव्हा गंधक मारून काय होणार होतं! दुसऱ्या वर्षी तीन-चार पानं उलगडताच सुरुवात केली, दर दहा दिवसांनी एक हात, मण्यांत पाणी उतरेपर्यंत, म्हणजे ते मऊ पडू लागेपर्यंत. पाऊस पडून गेला की पुन्हा. घड स्वच्छ राहिले.

दाणे बारीक वाळूसारखे, त्यामुळे भुकटीइतकी धूळ उडत नाही. तरी मास्क आणि चष्मा हवाच, डोळे चुरचुरतात. लिटरला २ ग्रॅम. आधी मगभर पाण्यात कालवून, कापडातून गाळून पंपात ओतते, नाहीतर नोझल तुंबतं. गंधक तळाशी बसतं म्हणून मधूनमधून पंप हलवायचा. पानांची खालची बाजू विसरायची नाही.

लेबलवर मात्र माझा राग आहे. मात्रा फक्त हेक्टरी! एका वेलीवाल्या माणसानं काय गणित मांडत बसायचं? आणि कडक उन्हात मारू नका, ही ओळ इतकी बारीक की मला दिसलीच नाही. पारा ३६ वर असताना दुपारी फवारलं आणि संध्याकाळपर्यंत कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. आता ऊन उतरल्यावरच मारते.

केवडा या वेलीच्या दुसऱ्या रोगावर मात्र याचा उपयोग नाही. सततच्या पावसात पानांवर तेलकट पिवळे डाग पडले, खाली पांढरा कापूस. दोनदा गंधक मारलं, ढिम्म. केवड्याचा जीव खऱ्या बुरशीतला नाहीच, त्याला तांबं लागतं. मग प्लास्टिकच्या बादल्यांत लिटरला १० ग्रॅम मोरचूद (यातच तांबं असतं) आणि १० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून बोर्डो मिश्रण केलं. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहिला, तांबूस झाला, म्हणजे तांबं मोकळं राहिलं होतं, म्हणून चिमूटभर चुना वाढवला. डाग पडलेली पानं काही सुधारली नाहीत, नवी मात्र स्वच्छ आली.

खरं सांगायचं तर, घडांभोवतीची पानं विरळ केली आणि बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) काढल्या, तेव्हापासून फवाराही आतपर्यंत पोचतो आणि दव लवकर वाळतं. निम्मं श्रेय कात्रीचं.

दोन वर्षांत साठ-सत्तर ग्रॅम संपलं असेल. लहान पाकीट मिळालं तर तेच घ्या. माझं उरलेलं मूळ पाकिटासकट झाकणाच्या डब्यात, कुलपात आहे.